कॅल्क्युलेटरमधला लाम

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. 'आम्ही' म्हणजे एकटेच. घरात आणि शाळेत 'हम' म्हणायची सवय लागलेली, ती मराठीत लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. गाव मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद आणि २०२३ पासून धाराशिव. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या काळी सरकारदरबारी उर्दू चालत असल्यामुळे आमच्या दादांच्या वयाचे पाटील-कुलकर्णीही उर्दू लिहीत-वाचत. आता उर्दू शाळा मोहल्ल्यापुरती उरली आहे. हातगाडीवाल्यांची, गवंड्यांची, गॅरेजवाल्यांची मुले आमच्याकडे येतात. ज्यांच्या हाती थोडा पैसा आला ते इंग्रजी शाळेची पिवळी बस धरतात. याबद्दल आमची तक्रार नाही. आमची स्वतःची मुलगीही उद्या कुठे जाईल, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सांगायचे आहे ते एका कॅल्क्युलेटरबद्दल.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमचा खालाजाद भाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला. टेक्सासमध्ये एम.एस. करून तो तिकडेच नोकरीला लागलेला. घरोघर भेटवस्तू वाटून झाल्या. कुणाला अत्तर, कुणाला चॉकलेट. आमच्या हातावर त्याने एक काळा, जाडजूड कॅल्क्युलेटर ठेवला. म्हणाला, "भाईजान, मेरे काम का नहीं रहा. तुम हिसाब के उस्ताद, तुमकोच काम आएगा." वापरलेला होता, काही बटणांवरची अक्षरे पुसट झाली होती. अम्मीला ते आवडले नाही. "इतने दूर से आको पुराना कॅल्क्युलेटर दिया," असे त्या बरेच दिवस म्हणत होत्या.

तो टीआय-८४ प्लस होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणलेला. याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणतात. नुसती बेरीज-वजाबाकी न करता तो समीकरणाचा आलेख पडद्यावर काढून दाखवतो. अशा प्रकारचा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये विकायला आणला होता. अमेरिकेत शाळेतल्या पोरांच्या दप्तरात तो असतो आणि कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतही चालतो. किंमत शंभर डॉलरहून जास्त. आत जो प्रोसेसर आहे तो झायलॉग कंपनीचा झेड-८०, मूळचा १९७६ सालचा. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. कामाची मेमरी, म्हणजे रॅम, २४ किलोबाइट. साठवणीची मेमरी, जिला आर्काइव्ह म्हणतात, ४८० किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही.

काही दिवस आम्ही त्यावर उदाहरणांची उत्तरे ताडून पाहिली. मग तो कपाटात गेला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुलांकडे मोबाइल नव्हते, असले तरी त्यात बॅलन्स नव्हता. ऑनलाइन शिकवणे म्हणजे चार मुलांना शिकवून चाळीस मुलांची हजेरी मांडणे. त्या रिकाम्या दिवसांत कपाट आवरताना कॅल्क्युलेटर सापडला. भावाला फोनवर म्हटले, "याचं काय करायचं असतं?" तो म्हणाला, "उसमें शेल डालो, भाईजान. फिर देखो."

शेल म्हणजे कवच. उर्दूत खोल. हा एक प्रोग्रॅम असतो, पण तो स्वतः हिशोब करत नाही. कॅल्क्युलेटरची मूळ व्यवस्था आत आणि आपण बाहेर, या दोहोंच्या मध्ये तो उभा राहतो. आत कोणकोणते प्रोग्रॅम आहेत ते समोर मांडतो. ज्यांना मूळ व्यवस्था सरळ चालवत नाही तेही चालवून देतो आणि काम झाल्यावर सगळे जागच्या जागी ठेवतो. यंत्राची ताकद त्यामुळे एका गुंजेनेही वाढत नाही. जे आत होतेच, तिथपर्यंत आपला हात पोहोचतो.

या शेलचा इतिहास आम्हाला मनापासून आवडला. १९९२ मध्ये टीआय-८५ नावाचे मॉडेल आले. त्यावर कंपनीने दिलेल्या साध्या भाषेत प्रोग्रॅम लिहिता येत, पण प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत, लिहिण्याची सोय नव्हती. काही तरुण पोरांनी डोके चालवले. कॅल्क्युलेटरच्या मेमरीची एक प्रत संगणकावर घेता येई. ती त्यांनी तिथे बदलली, परत आत भरली आणि बंद खोलीला खिडकी सापडली. त्यातून झेडशेल तयार झाला. पुढच्या मॉडेलांत कंपनीनेच असेंब्लीची वाट मोकळी केली. मग मिराजओएस आला, आणखी कितीतरी आले. आम्ही घेतला तो डोअर्स सीएस. ख्रिस्तोफर मिचेल या अमेरिकन माणसाने विद्यार्थिदशेतच तो लिहायला घेतला होता. पैसे पडत नाहीत. आमच्या जुन्या लॅपटॉपला केबल लावली आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर तो आत उतरला. ॲप्स हे बटण दाबून त्याचे नाव निवडले, तर त्या इवल्याशा करड्या पडद्यावर लहान लहान चित्रे मांडलेली आणि मध्ये एक बाण. बाणाच्या बटणांनी तो हलवायचा, चित्रावर न्यायचा आणि दाबायचे. खिशातला संगणकच झाला. अम्मीला दाखवला. त्या म्हणाल्या, "अच्छा है. इस पे बिल भरते क्या?"

शाळा पुन्हा भरल्या तेव्हा आम्ही तो वर्गात नेला. दहावीच्या बीजगणितात पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. आमच्याकडे समीकरणाला मुसावात म्हणतात. हाच शब्द आपण समतेसाठीही वापरतो. मराठीतल्या समीकरणातही 'सम' आहेच. फळ्यावर लिहिले, एक्स अधिक वाय बरोबर ६; एक्स वजा वाय बरोबर २. मुलांनी आलेख कागदावर दोन रेषा काढल्या. कुणाच्या ४, २ वर छेदल्या, कुणाच्या शेजारच्या घरात. मग कॅल्क्युलेटर बाकांवरून फिरवला. तो 'एक्स अधिक वाय' असे घेत नाही. त्याला 'वाय बरोबर ६ वजा एक्स' असे द्यावे लागते. म्हणजे यंत्राकडे जाण्याआधी मुलाला समीकरण स्वतः फिरवावे लागते. हे आम्हाला फार बरे वाटले. अडाण्याला शहाणा दाखवणारे यंत्र नव्हे ते.

स्टाफरूममध्ये मात्र कुरकुर सुरू झाली. हेडमास्तर साहेब भले माणूस, पण रिझल्टची चिंता त्यांच्या डोक्यावर. त्यांनी विचारले, "बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो का?" नाही चालत. दहावीत नाही आणि बारावीतही नाही. बारावीला लॉग टेबल चालते. "मग वर्गात कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. तिकडे अमेरिकेतही परीक्षा आणि कॅल्क्युलेटर यांचे भांडण आहेच. शेल आणि असेंब्लीच्या वाटेने पोरे परीक्षेत कॉपी करतील, या धास्तीने कंपनीने २०२० मध्ये आपल्या नव्या रंगीत मॉडेलांवर असेंब्ली प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढून टाकली. ज्या पोरांनी त्याच्या आधाराने प्रोग्रॅम लिहायला शिकले होते, त्यांना फार वाईट वाटले. आमचा जुना करड्या पडद्याचा, म्हणून वाचला. आम्ही हेडमास्तर साहेबांना एवढेच म्हणालो, की तासाला नको, मधल्या सुट्टीत चालू द्या. ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर."

मधल्या सुट्टीची ती दहा-बारा मुले आम्हाला अजून नावानिशी आठवतात, पण नावे लिहीत नाही. शेलला ती 'दरवाज़ा' म्हणू लागली. डोअर्सचे सरळ भाषांतर. "सर, दरवाज़ा खोलो ना." एका मुलीने विचारले, "सर, इसमें अपने अक्षर नहीं आते क्या?" सगळा कॅल्क्युलेटर इंग्रजीत. मेनू इंग्रजी, चूक झाली तर रागावतो तोही इंग्रजीत. त्यात उर्दू लिहिण्याची सोय नाही. आम्ही 'नहीं आते' म्हणणारच होतो, तेवढ्यात त्या चित्रांची आठवण झाली.

डोअर्स सीएसमध्ये आपल्या प्रोग्रॅमला आपणच काढलेले चित्र देता येते. सोळा बाय सोळा ठिपक्यांचे. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत डीसीएस ही तीन अक्षरे लिहायची आणि दुसऱ्या ओळीत त्या चित्राचा आकडा. दोनशे छप्पन्न ठिपके, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. चार-चार ठिपक्यांची एक चिठ्ठी करायची. उजवीकडून पहिल्या घराची किंमत १, मग २, ४ आणि ८. काळ्या घरांच्या किमती मिळवायच्या. बेरीज ० ते १५ मध्येच येते. नऊपर्यंत आकडा लिहायचा. पुढे दहाला ए, अकराला बी, असे करत पंधराला एफ. सोळा ओळी, ओळीला चार चिठ्ठ्या, एकूण चौसष्ट चिन्हे. म्हणजे त्या इंग्रजी यंत्रात उर्दू अक्षर लिहिता येत नसले तरी काढता येत होते.

मुलांनी चौकटीच्या वह्या काढल्या. आणि एक गंमत लक्षात आली. दुसऱ्या माध्यमाच्या मुलांना ही किंमत उजवीकडून मोजायची आहे हे बजावून सांगावे लागले असते. आमच्या मुलांचा हात वहीवर उजवीकडूनच चालतो. १, २, ४, ८ त्यांनी न सांगता उजवीकडून लिहिले. इकाई, दहाई, सैंकडाही उजवीकडूनच वाढतात. ज्या सवयीला आम्ही उम्रभर मागे पडण्याचे कारण समजत आलो, ती इथे आडवी आली नाही, उलट सोयीची ठरली. त्यातून फार मोठा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. पण त्या दिवशी घरी जाताना आम्ही खुशीत होतो.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लाम निवडला. कुणी मीम घेतला, मुरुमचा. कुणी आपल्या नावाचे पहिले अक्षर. हिचे नाव काही लामने सुरू होत नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, "लोहे का लाम, सर." तिचे अब्बा वेल्डिंगच्या दुकानात कामाला. लाम काढायला तसा सोपा. उजव्या बाजूला उभा दांडा, खाली डावीकडे वळलेली वाटी; छताला टांगायच्या आकड्यासारखा. दांडा तिने दोन घरे जाड घेतला. उजवीकडून तिसरे आणि चौथे घर काळे, म्हणजे ४ अधिक ८, बारा, म्हणजे सी. त्यामुळे वरच्या सगळ्या ओळी सारख्याच झाल्या, शून्य शून्य शून्य सी. "सर, ये तो सस्ते में हो गया," ती म्हणाली. वाटीच्या ओळींनी मात्र तिला दोन सुट्ट्या रडवले.

चित्र झाले, आता त्यामागे प्रोग्रॅम हवा. तिने स्वतःच ठरवले की अब्बांच्या कामाचा हिशोब करायचा. लोखंडाच्या गोल सळईचे वजन काढायचा एक नियम बांधकामवाल्यांना आणि लोखंडवाल्यांना तोंडपाठ असतो. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत येते. बारा मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ८८९ ग्रॅम. हे तिच्या अब्बांनाही पाठ. पण १६२ च का, हे दुकानात कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते.

आम्ही तिला सांगितले की लोखंडी सळईच्या एका घनमीटरचे वजन ७८५० किलो धरतात. पुढचे तिने केले. वर्तुळाचे क्षेत्रफळ, म्हणजे पाय भागिले चार गुणिले जाडीचा वर्ग. मिलिमीटरचे मीटर केले. ७८५० ने गुणले. शेवटी जाडीच्या वर्गाखाली जो आकडा आला तो १६२ च्या किंचित वर. ती धावत स्टाफरूमच्या दारात आली. "सर, निकल आया!" आत चहा पिणारे शिक्षक दचकले. मग तिनेच पुढचा प्रश्न काढला. खिडकीच्या ग्रिलला चौरस बार लागतो, त्याचे काय? त्यात पायची भानगड नाही, नुसता बाजूचा वर्ग. १६२ च्या जागी १२७ आला. हा आकडा तिने कुठे वाचला नव्हता, आम्हीही सांगितला नव्हता. प्रोग्रॅम तयार झाला. आधी विचारतो, गोल की चौरस, मग जाडी, मग लांबी किती फूट. आणि वजन सांगतो. तीन आठवड्यांच्या मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या होत्या.

आता आमचा गुन्हा सांगतो.

एका शुक्रवारी मुलांनी हट्ट धरला की खेळ दाखवा. सापाचा खेळ असतो तसा काही. आम्ही आदल्या रात्री लॅपटॉपवर साठवलेल्या फायलींतून एक खेळ आत टाकला होता. तो आमच्या मॉडेलचा आहे का, हे नीट पाहिले नाही. असेंब्ली प्रोग्रॅम सरळ प्रोसेसरशी बोलतो. मूळ व्यवस्था चूक झाली तर चुकीचा निरोप देऊन थांबते. इथे अडवायला कुणी नसते. खेळ दाबला, पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि कॅल्क्युलेटर गोठला. कोणतेही बटण चालेना. शेवटी सेल काढून पुन्हा घातले. पडद्यावर दोन शब्द आले: रॅम क्लिअर्ड.

शेल जागेवर होता, कारण तो साठवणीच्या मेमरीत असतो. मीम होता, बाकी अक्षरे होती, कारण ती आम्ही आर्काइव्ह केली होती. यादीत त्यांच्या नावाशेजारी चांदणी होती. लाम नव्हता. आदल्याच दिवशी तिने त्यात दुरुस्ती केली होती. दुरुस्ती करायची तर प्रोग्रॅम साठवणीतून बाहेर, रॅममध्ये काढावा लागतो. तो परत आत ठेवायचे काम आमचे होते. आम्ही 'उद्या करू' म्हटले होते.

मुले गप्प झाली. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "सर, जाने दो." ते 'जाने दो' आम्हाला फार लागले. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली हे दोन शब्द फार लवकर शिकतात. फी भरायची राहिली, जाने दो. सहलीचे पैसे नाहीत, जाने दो. कॉलेज लांब आहे, जाने दो. आणि आता तिच्या सरांच्या हातूनही तेच.

आम्ही शनिवार-रविवार अस्वस्थ होतो. तिचा प्रोग्रॅम आठवून स्वतः लिहायला बसलो, मग थांबलो. तो तिचा होता. सोमवारी ती आली तेव्हा हातात वही. लामची चौसष्ट चिन्हे वहीत होती, १२७ ची मांडणीही होती. फक्त प्रोग्रॅमच्या ओळी नव्हत्या. दोन सुट्ट्यांत तिने तो पुन्हा लिहिला आणि आधीपेक्षा लहान लिहिला. "पहले वाले में फालतू बहुत था, सर." मग आम्ही तिच्यासमोर तो आर्काइव्ह केला. चांदणी आली. इथे शेलची खरी करामत तिच्या लक्षात आली. साठवणीत टाकलेला असा प्रोग्रॅम मूळ व्यवस्था चालवत नाही, 'आर्काइव्ह्ड' म्हणून चुकीचा निरोप देते. शेलमधून मात्र तो तसाच चालतो. वस्तू सुरक्षितही राहते आणि वापरातही. नाहीतर आपल्याकडे सुरक्षित म्हणजे कुलपात.

तिच्या अब्बांपर्यंत बातमी वेगळीच गेली होती. लडकी शाळेत सुट्टीत मोबाइलसारखे काहीतरी घेऊन बसते. एके दिवशी ते कामाच्या कपड्यांतच शाळेत आले. डोळे वेल्डिंगने लाल. आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा बंद. "सर, दहावी तक पढा रहा हूँ. आगे का अभी सोचा नहीं. ये खेल-वेल की आदत नक्को लगाओ."

आम्ही मुलीला बोलावले. म्हणालो, "भाई, खेल नहीं है. आपही का काम है. कुछ पूछो इसको." त्यांनी थोडा विचार केला. "बारा एमएम चौरस, बीस फूट." तिने दरवाजा उघडला, बाण लामवर नेला, दाबले, आकडे दिले. ६.९१ किलो. ते गप्प. मग म्हणाले, "काटे पे पौने सात-सात के बीच आता." परत विचारले, "गोल?" ५.४२. मग त्यांनी पडद्याकडे वाकून पाहिले आणि विचारले, "ये लाम किसने निकाला?"

"मैंने, अब्बा. लोहे का."

ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांना उर्दू वाचता येत होते, चौथीपर्यंत आमच्याच शाळेत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "देखेंगे." आमच्याकडे 'देखेंगे'चे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक नकाराचा असतो. कोणता, ते चेहऱ्यावरून कळले नाही.

त्या वर्षी आठवीच्या वर्गात अवयव शिकवताना एका मुलाने नेहमीचा प्रश्न विचारला, की अवयव पाडून होते काय? आम्ही त्याला याच कंपनीच्या टीआय-८३ प्लस कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली. त्याची मूळ व्यवस्था कुणी बदलू नये म्हणून कंपनी तिच्यावर डिजिटल सही करते. ती सही सुमारे दीडशे अंकी एका संख्येवर उभी होती. त्या संख्येचे दोन मूळ अवयव सापडले की सही तुमची. २००९ मध्ये बेंजामिन मूडी या हौशी माणसाने घरच्या साध्या संगणकावर सुमारे अडीच महिने काम चालवून ते अवयव पाडले. कंपनीने नोटिसा पाठवल्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था त्या पोरांच्या बाजूने उभी राहिली. वर्ग अगदी शांत झाला. मग एक जण म्हणाला, "सर, मतलब ये बुक का ही है?" हो, पुस्तकातलेच. फक्त संख्या मोठी.

दहावीचा निकाल लागला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. गणितात शाळेत पहिली नव्हती, दुसरी होती. जूनमध्ये ती दाखला न्यायला आली, सोबत अब्बा. आमच्या पोटात गोळा. आमच्या अनुभवात जूनमधला दाखला कधी कॉलेजसाठी असतो, कधी जन्मतारीख दाखवून लग्नाची बोलणी करण्यासाठी. क्लार्कने विचारले, "किस लिए?" अब्बांनी उत्तर दिले, "ग्यारवी. सायन्स." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, वहाँ सब इंग्लिश में है बोले. इसको जमेगा ना?"

उर्दूतून दहावी करून एकदम इंग्रजीतून सायन्स घ्यायचे, हे सोपे नाही. मुसावातचे इक्वेशन होते, मुसल्लसचा ट्रँगल. कितीतरी मुले पहिल्या चाचणीतच खचतात आणि आर्ट्सला येतात. 'जमेगा' असे खात्रीने म्हणण्याइतके आम्ही मोठे नाही. आम्ही म्हणालो, "भाई, पहले तीन महीने भारी जाएँगे. तब छुड़ाना मत." ते म्हणाले, "नहीं छुड़ाता."

जड गेलेच. एकदोनदा ती रडवेली होऊन घरी आली. आमच्या अंगणात बसून तिने शब्दांची यादी केली, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अर्थ तिला माहीतच होते, फक्त नावे नवी. यंत्र तेच, वरचे कवच बदलले, असे आम्ही म्हटल्यावर ती म्हणाली, "सर, कवच बदलने में भी रॅम क्लिअर हो जाता कभी कभी." खरे आहे. म्हणूनच यादी लागते आणि सोबत बसणारा कुणीतरी लागतो. दुसऱ्या सत्रात ती सावरली. बारावीला लॉग टेबल घेऊन बसली.

कॅल्क्युलेटर शाळेच्या कपाटात आहे. त्याचे चार सेल आता आम्ही पगारातून आणतो. हेडमास्तर साहेबांनी एकदा न बोलता स्वतः आणून ठेवले होते. दरवर्षी नवी मुले येतात आणि आपापले अक्षर काढतात. अलिफ सगळ्यांनाच सोपा वाटतो, म्हणून त्याला बंदी घातली आहे. खेळ आम्ही आता ठेवत नाही. पहिल्या दिवशी चित्र शिकवतो, प्रोग्रॅम नंतर. पण सगळ्यात आधी चांदणी कशी आणायची ते शिकवतो.

लाम अजून तिथे आहे. त्याच्या नावाशेजारी चांदणी आहे. परवा शेजारच्या वाडीवरचा एक मुलगा विचारत होता, हा कुणाचा? आम्ही म्हणालो, "दाबून पाहा." त्याने दाबले. पडद्यावर प्रश्न आला, गोल की चौरस?